‘असेल’ या क्रियापदाचा हिशेब

मंडळी, आजचा प्रश्न साधा आहे. मुंबईभोवती जी उपनगरे वेडीवाकडी पसरत गेली, ठाणे, कल्याण, डोंबिवली, वसई-विरार, त्यांच्यासाठी वीस-वीस वर्षांचे आराखडे निघतात, पुनर्विकासाच्या योजना निघतात. त्या कधी प्रत्यक्षात येतात का? आपल्याकडे याची दोन उत्तरे तयार असतात. ‘राजकीय इच्छाशक्ती असेल तर येतात’ हे एक, आणि ‘इथे काही होणार नाही हो’ हे दुसरे. दोन्ही उत्तरे आम्हाला आळशी वाटतात. आराखडा म्हणजे नेमके काय, हे त्यांत कुणी विचारलेलेच नाही.

आराखड्यातले वाक्य कसे असते बघा. ‘अमुक सालापर्यंत या भागात इतक्या शाळा असतील, एवढे मैदान असेल.’ आता हे ‘असेल’ मोठे फसवे. ‘उद्या पाऊस असेल’ यातही ते आहे, आणि ‘उद्या तुझे पैसे तुझ्या हातात असतील’ यातही आहे. पहिले भाकीत, दुसरे वचन. भाकीत चुकते, त्याबद्दल कुणाला धरता येत नाही. वचन मोडले जाते, आणि मोडणारा कुणीतरी असतो. आमचा आक्षेप असा की आपले आराखडे वचन देतात, पण भाकिताच्या व्याकरणात. मैदान झाले नाही तर ‘अंदाज चुकला’ म्हणायचे, की संपले.

मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा घ्या. तो २०१४ पासूनचा. २०१५ मध्ये मसुदा इतका सदोष निघाला की सरकारला तो मागे घ्यावा लागला. मंजुरी मिळाली २०१८ मध्ये. वीसातली चार वर्षे अशीच गेली.

बरे, कायद्याला हे कळत नाही असे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याचे कलम १२७ असे की, तुमच्या जमिनीवर बागेचे आरक्षण टाकले आणि दहा वर्षांत ती घेतली नाही, तर तुम्ही नोटीस द्यायची. त्यानंतरच्या ठराविक मुदतीतही काही हालचाल झाली नाही, तर आरक्षण रद्द. हे न्याय्यच आहे. माणसाची जमीन किती काळ अडकवून ठेवणार? पण गंमत बघा. जमीनमालकाला ‘तुमची मुदत संपली’ म्हणता येते. त्या बागेत ज्या पोराने खेळायचे होते त्याला कोणती नोटीस देता येते? दहा वर्षांत ते पोर कॉलेजात गेलेले असते.

आता खरा अवघड भाग. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ एक बेकायदा इमारत कोसळली, ७४ माणसे गेली. वर मजले चढत होते आणि खाली कुटुंबे राहत होती. आराखडा वर्षे मोजतो, उपनगर महिन्यांत उभे राहते. या आणि अशा घटनांनंतर ठाण्याच्या क्लस्टर योजनेला जोर आला: एकेक इमारत न पाडता अख्खी वस्तीच नव्याने आखायची. कल्पना चांगली आहे, आम्ही तिच्या बाजूचे आहोत. सुट्या इमारतीच्या पुनर्विकासाने रस्ता रुंद होत नाही, गटारही नीट होत नाही. तर, या योजनेचे भूमिपूजन २०२० मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना झाले, आणि २०२३ मध्ये एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना किसननगरात पुन्हा झाले. भूमी तीच, पूजा दोनदा. (हशा)

वागळे इस्टेटच्या कारखान्यांच्या आधाराने वाढलेले किसननगर. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली सांताक्रूझ, विलेपार्ल्यात योजना झाल्या, तेव्हा तिथे बहुतेक मोकळी जमीन होती. सगळ्यांची एकत्र करायची, रस्ते काढायचे, आणि प्रत्येकाला थोडा लहान पण चौकोनी भूखंड परत द्यायचा. वचन मोजता येत होते. किसननगरात एकाच जागेवर पाच मजले, प्रत्येक मजल्यावर चार खोल्या, कुणाकडे साधे करारपत्र, कुणाकडे नुसते वीजबिल. कुणाला काय परत द्यायचे, हे ठरवण्यातच पिढी जाते. शिवाय खोलीवाल्याला घर मिळेल, पण त्याच खोलीत बारा वर्षे भाड्याने राहणाऱ्याला? ‘असेल’ या शब्दात तो कुठेच नाही.

आणि मधल्या काळात राहायचे कुठे? गोरेगावची पत्राचाळ आठवा. ६७२ कुटुंबे, करार २००८ चा. घरे पाडली गेली, ठरलेले भाडे पुढे थांबले, आणि लोक दशकाहून जास्त काळ घराबाहेर. तिथे जागा होती, कागद होते, म्हाडा होती. नव्हती ती एकच गोष्ट, मधल्या वर्षांची जबाबदारी घेणारा माणूस. पुनर्विकासाच्या चर्चेत चटईक्षेत्रावर तासन्‌तास वाद होतात, या मधल्या वर्षांवर पाच मिनिटेही नाही. वास्तविक सत्तरीच्या माणसासाठी तीच उरलेली सगळी वर्षे असतात.

तेव्हा ‘प्रत्यक्षात येतील का’ याचे आमचे उत्तर ‘तुकड्यातुकड्याने, हो’ असे आहे. अट एवढीच की प्रत्येक तुकडा माणसाच्या हिशेबात बसला पाहिजे: तीन-चार वर्षे, तेवढ्या वर्षांचे भाडे आधीच बँकेत जमा, आणि करारावर तारीख. ‘लवकरच’ नव्हे, तारीख. किसननगरात यापुढे एवढेच बघावे की आधी कोणती इमारत पूर्ण होते, रहिवाशांची की विक्रीची. चला, प्रश्न घेऊ.