‘हार्ड टाइम्स’मधील तथ्य, कल्पना आणि शब्दार्थ

चार्ल्स डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ ही कादंबरी १८५४ साली ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तथ्य आणि कल्पना यांच्या विरोधावर ती उभी आहे, असे सामान्यतः मानले जाते. कादंबरीतील भाषाव्यवहार बारकाईने पाहिल्यास मात्र हा विरोध अर्थविषयक दोन भूमिकांमधील असल्याचे दिसून येते.

प्रारंभीच ग्रॅडग्राइंड शाळेत घोड्याची व्याख्या विचारतो. सर्कशीतील घोड्यांत वाढलेली सिसी ज्यूप निरुत्तर होते. बिट्झर मात्र पाय, आहार आणि ४० दात यांची यादी बिनचूक सादर करतो. यादीतील तपशील खरे आहेत. तथापि त्यांच्या बेरजेतून घोडा उभा राहत नाही. पुढे दहा लाख वस्तीच्या नगरात वर्षाकाठी अवघी २५ माणसे उपासमारीने मरतात, हे प्रमाण कसे वाटते, असे सिसीला विचारले जाते. इतरांची संख्या कितीही असली तरी मरणाऱ्यांचे दुःख तेवढेच, असा तिच्या उत्तराचा आशय आहे. सिसी येथे आकडा नाकारीत नाही. प्रमाण काढताना दृष्टीआड झालेले तथ्य ती पुनश्च समोर आणते. कल्पनाशक्तीचे कार्य हेच होय.

अखेरच्या भागात संकटात सापडलेला ग्रॅडग्राइंड बिट्झरच्या हृदयाला आवाहन करतो, आणि बिट्झर रुधिराभिसरणाचा दाखला देतो. प्रश्न लक्षणेचा, उत्तर अभिधेचे. मराठीतही ‘हृदय’ या शब्दाला हे दोन्ही अर्थ असल्याने येथील उपरोध मराठी वाचकास सहज जाणवतो. गुरूने केवळ वाच्यार्थ शिकविला. त्याचे फळ त्यालाच भोगावे लागले.

हा समतोल स्वतः डिकन्सला मात्र सर्वत्र साधलेला नाही. जानेवारी १८५४ मध्ये त्याने प्रेस्टन येथे जाऊन गिरणी कामगारांचा संप प्रत्यक्ष पाहिला. पुढील महिन्यात त्याच साप्ताहिकात लिहिलेल्या लेखात त्याने कामगारांच्या शिस्तीची, तसेच सभाध्यक्षाने भडक वक्त्यास घातलेल्या आवराची नोंद केली. कादंबरीत मात्र स्लॅकब्रिज हा तसाच वक्ता सभेवर प्रभुत्व गाजवितो आणि स्टीफन ब्लॅकपूल हा सज्जन कामगार बहिष्कृत होतो. संघटनेपासून तो दूर का राहतो, याचा पुरेसा उलगडाही होत नाही. १९४८ साली या कादंबरीचा गौरव करणाऱ्या लीव्हिसनेही संघटनेच्या चित्रणातील डिकन्सची मर्यादा मान्य केली होती.

कोकटाउनमधील वाफेच्या यंत्राची एकसुरी हालचाल खिन्न, वेड्या हत्तीच्या डोक्याप्रमाणे भासते, तेव्हा कल्पना तथ्यालाच दृश्य रूप देते. स्टीफनविषयीची करुणा मात्र लेखकाने पाहिलेले तथ्य बाजूस सारून उभी राहते. भावनेने तथ्याची जागा घेतली की तीही बिट्झरच्या व्याख्येइतकीच अपुरी ठरते. या कादंबरीचे यश आणि अपयश दोन्ही याच कसोटीवर पारखले पाहिजेत.