मेघ न गडगडणारी विराणी

ज्ञानोबारायांची ‘घनु वाजे’ ही विराणी अवघ्या सहा कडव्यांची. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत लताबाईंनी ती गायिली आणि टाळ-मृदंगाशी संबंध नसलेल्या घरांतही पोहोचली. तिच्या वाट्याला निरूपण मात्र फार ठरीव येते. मेघ म्हणजे अमुक, चंदन म्हणजे विषयसुख, सख्या म्हणजे संत. अर्थ सांगून होतो आणि पाऊस ऐकायचा राहून जातो.

आधी तो ऐकावा. माउलींचा मेघ गडगडत नाही. तो धीम्या, घुमणाऱ्या नादाने वाजतो आणि वारा पायांतल्या घुंगरांसारखा बारीक. कुणीतरी येते आहे असे वाटायला लावणारा हा नाद. दिवे घाटात ओल्या वाऱ्यातून चाललेल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. म्हणून लगेच कान्ह्याच्या भेटीची विनवणी येते आणि त्या कान्ह्याला माउली भवतारक म्हणतात. परमार्थ पहिल्याच कडव्यात उघडा ठेवलेला आहे. तो रूपकाखालून उकरून काढण्याची गरज नाही.

पुढे चांदणे, चाफा, चंदन, फुलांची शेज. मेघ दाटलेल्या रात्री चांदणे कोठून, असे कोणी विचारील. पण ही एक रात्र नव्हेच. सुख देणारा एकेक ऋतू येतो आणि पोळून जातो. चंदनाने अंग पोळणे संस्कृत काव्यात जुनेच. कालिदासाचा यक्ष मेघाला निरोप्या करतो. माउलींची विरहिणी मेघाला काहीच सांगत नाही, भोवतालच्या बायांना विनवते. कोकिळेला आवरा म्हणणारे कडवे मला इतरांहून सैल वाटते, ओळखीच्या वाटेने जाणारे.

शेवटच्या कडव्यात मात्र आरसा येतो आणि त्यात तिला स्वतःचेच रूप दिसत नाही. इथवर मेघ, वारा, फुले सगळे होते, फक्त तो नव्हता. आता तीच नाही. हे रखुमादेवीवर विठ्ठलाने केले, एवढे सांगून विराणी थांबते. भेट झाली का, हे माउली बोलत नाहीत. कीर्तनात मात्र येथे ‘अद्वैत झाले’ म्हणून टाकण्याची घाई होते. त्या बोलण्यात तक्रार अजून शिल्लक आहे, निम्म्या वाटेवरच्या माणसाची तक्रार. मृदंग थांबवून, नुसत्या वीणेवर हे कडवे एकदा म्हणून पाहावे.