गेलेल्या साथीदाराचा ठेका

रंगमंचावर सत्तरीतला एक माणूस उभा आहे. समोर ऑसिलेटरांची मांडामांड. ड्रमही ऐकू येतायत, पण ते वाजवणारा २००५ सालीच वारला आहे. 'सिल्व्हर ॲपल्स'च्या २००७ नंतरच्या कार्यक्रमांच्या चित्रफिती पहिल्यांदा पाहिल्या, तेव्हा मला हे खटकलं होतं. दोघांतला एक यंत्रात भरून वाजवायचा आणि त्याला पुनरागमन म्हणायचं?

सिमियन कॉक्स आणि डॅनी टेलर ही जोडी १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये जमली. सिमियन आधी एका रॉक बँडचा गायक होता. त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला एक ऑसिलेटर, म्हणजे एकच सूर अखंड देत राहणारं प्रयोगशाळेतलं उपकरण, बँडमध्ये आणला. बाकीचे वादक कंटाळून एकेक करत निघून गेले. टेलर तेवढा राहिला. १९६८च्या पहिल्या अल्बमपर्यंत नऊ ऑसिलेटर आणि ८६ कळा-बटणं झाली होती. हात, कोपरं, पाय, सगळं वापरून सिमियन ती चालवायचा.

टेलर आपले ड्रम या ऑसिलेटरांच्या सुरांशी जुळवून घेत असे. तबला षड्जाला लावून घेणाऱ्या आपल्या लोकांना यात काही नवल वाटणार नाही, पण रॉकमध्ये ते विरळाच. 'ऑसिलेशन्स' ऐकताना या जुळणीची किंमत कळते. वर सूर भोवऱ्यासारखे फिरत असतात आणि खाली ड्रम त्यांना जमीन देत असतात.

१९६९च्या 'कॉन्टॅक्ट'च्या मुखपृष्ठासाठी दोघं पॅन ॲमच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये बसले. मलपृष्ठावर मात्र विमान-अपघाताचं छायाचित्र छापलं गेलं. कंपनीने दावा ठोकला आणि पुढे जोडी फुटली. १९९४च्या सुमारास त्यांचे जुने अल्बम जर्मनीत विनापरवाना निघाले आणि त्यांना नव्या पिढीचे श्रोते मिळाले. १९९६ साली सिमियन नव्या साथीदारासह पुन्हा रंगमंचावर आला. १९९८ साली टेलरही परतला. त्याच वर्षी गाडीच्या अपघातात सिमियनची मान मोडली आणि वादन थांबलं. तो पुन्हा उभा राहीपर्यंत टेलर गेला होता. मग सिमियनने टेलरच्याच ड्रमचे ध्वनिमुद्रित तुकडे सोबत घेतले.

या उत्तरकाळातल्या मैफलींत काय हरवलं, ते स्पष्ट सांगायला हवं. पूर्वी दोघं एकमेकांचं ऐकत होते. आता ऐकणारा एकच उरला. ऑसिलेटर भरकटला तर ड्रम त्याच्या मागे धावत नाहीत. लय आपली जागा सोडत नाही, त्यामुळे जुन्या मुद्रणांतली धावपळ, कधीही कोसळेल असं वाटायला लावणारी ती गंमत, पुष्कळ कमी झाली आहे.

तरीही मी पाहत राहिलो. सिमियनला दुसरा ड्रमर ठेवता आला असता, तयार ड्रम-मशीन घेता आलं असतं. त्याने तसं केलं नाही. परिणामी साथीचं नातं उलटं झालं: एकेकाळी ज्याच्याभोवती सगळं फिरायचं, तोच आता साथ करत होता. म्हाताऱ्या, थोड्या कापऱ्या आवाजात, ठरलेल्या ठेक्यात आपली जागा शोधत होता. या कार्यक्रमांना जिवंत म्हणायचं ते या शोधामुळे.

माझा तबलजी मित्र गेल्यावर त्याचा विलंबित एकतालाचा ठेका माझ्या फोनमध्ये राहिला. रोजचा रियाज इलेक्ट्रॉनिक तबल्यावर चालायचा. त्यात मला कधी वावगं वाटलं नाही. हा ठेका मात्र चार वर्षं उघडला नव्हता. मेलेल्या माणसाला कामाला लावल्यासारखं वाटायचं.

२०२० साली सिमियनही गेला. आता दोघंही फक्त मुद्रणात आहेत. गेल्या महिन्यात मी तो ठेका लावून गायला बसलो. समेच्या आधी तो किंचित थांबतो, हे मी विसरलो होतो. माझी घाई पाहूनच तो तसं थांबायचा. पहिल्या आवर्तनाची सम आली तेव्हा तो जागेवर होता. मीच अर्धी मात्रा पुढे निघून गेलो होतो. दुसऱ्या आवर्तनाला मी थांबलो.