न काढले जाणारे कार्ड

अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना २०१६ साली सुरू झाली आणि शाळांत छंदी संगणकांची चर्चा होऊ लागली. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात रास्पबेरी पायचा सहज सुचणारा उपयोग म्हणजे पाऊस, तापमान आणि विहिरीची पातळी नोंदवणे. कल्पना उत्तमच आहे. आमचा आक्षेप आहे तो या नोंदी नखाएवढ्या मेमरी कार्डावर बिनघोर सोपवण्याला.

२०१२ साली आलेल्या या संगणकात हार्ड डिस्क नाही. कार्यप्रणाली आणि विद्यार्थ्यांचे काम, दोन्ही सहसा एकाच कार्डावर असते. फ्लॅश स्मृतीत विद्युतभार निरोधक थराआड कोंडून माहिती साठवतात. लिहिणे लहान पानांत होते, पुसणे मात्र अनेक पानांच्या गठ्ठ्यानेच. पाटीवरचे एक अक्षर पुसायचे तर सगळी पाटीच पुसावी, तसे. म्हणून कार्डातील नियंत्रक बदललेला मजकूर दुसरीकडे लिहितो आणि कोणते पान कोठे आहे याचा नकाशा सुधारतो. नेमकी त्याच क्षणी वीज गेली तर चालू ओळच नव्हे, महिन्यापूर्वीच्या नोंदीही वाचता येईनाशा होऊ शकतात. शिवाय प्रत्येक पुसण्यागणिक निरोधक थर झिजतो. एका पेशीत तीन बिट साठवणारी स्वस्त कार्डे हजार-दोन हजार वेळा पुसण्याच्या हिशेबाची असतात. दर सेकंदाला तापमान लिहिण्याचा अट्टहास कशासाठी? दहा मिनिटांनी एकदा लिहिलेले पुरते.

१९८४ साली 'क्लास' योजनेतून भारतीय शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रोची कार्यप्रणाली रॉममध्ये पक्की होती. वीज गेली तर चालू प्रोग्रॅम जाई, यंत्र मात्र पुन्हा तसेच सुरू होई. ही सुरक्षितता आजही मिळवता येते. रास्पबेरी पायमध्ये 'ओव्हरले' सोय चालू केली की कार्डावर काही लिहिले जात नाही. बदल तात्पुरत्या स्मृतीत राहतात. मग नोंदी पेन ड्राइव्हवर घ्याव्यात. तोही फ्लॅशच, पण तो बिघडला तरी संगणक उभा राहतो. रोजचे आकडे वहीतही उतरवावेत.

खरी खंत वेगळीच आहे. कार्ड काढता येते, हाच त्याचा मोठा गुण! एका संगणकाला पाच कार्डे घेतली तर पाच गटांना आपापला संगणक मिळतो. एखाद्या गटाने कार्यप्रणाली पार मोडली तरी मूळ प्रतीवरून कार्ड पुन्हा भरता येते, आणि मोडून पाहिल्याशिवाय संगणक कळत नाही. पण संगणक डेडस्टॉक रजिस्टरात चढला की कार्डही त्याचाच अवयव ठरते आणि त्याला हात लावायला मुलांना मनाई होते. वास्तविक मुलांना शिकवायचे ते एवढेच: आधी संगणक बंद करण्याची आज्ञा द्यावी, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबू द्यावा, वीज तोडावी, मग कार्ड काढावे.