‘कृष्णाकाठ’ : सत्तेच्या उंबरठ्यावर थांबलेलें आत्मचरित्र

राजकारणी पुरुषाचें आत्मचरित्र हातीं घेतांना वाचकाच्या मनांत एक स्वाभाविक अपेक्षा असते. ज्या निर्णयांचे बरेवाईट परिणाम आपण भोगले, ते घेणाऱ्याच्या मनांत त्या वेळीं काय चाललें होतें, हें त्याच्याच तोंडून ऐकावें, ही ती अपेक्षा होय. यशवंतराव चव्हाण यांचें ‘कृष्णाकाठ’ (१९८४) ही अपेक्षा पुरी करीत नाहीं. आणि तरीहि मराठी राजकीय आत्मचरित्रांत त्याचें स्थान वरचें आहे, असें आमचें मत आहे. या दोन विधानांत वरवर दिसणारा विरोध कसा मिटतो, हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजीं देवराष्ट्रे या गांवीं, आजोळीं झाला. प्रसूति अवघड झाली तेव्हां आजीनें सागरोबास साकडें घातलें, त्यानें यश दिलें, म्हणून मुलाचें नांव यशवंत ठेवलें, ही हकीकत पुस्तकांत आली आहे. वडील न्यायखात्यांत बेलिफ. ते लेखकाच्या बालपणींच वारले, आणि मुलांचा सारा भार मातोश्री विठाबाईंवर पडला. दारिद्र्याचें वर्णन करतांना लेखकाचा तोल दोन बाजूंनीं जाऊं शकतो : एक तर तो वाचकाची कींव मागतो, नाहीं तर दारिद्र्य हेंच पदक समजून छातीवर मिरवितो. चव्हाण यांपैकीं कांहींच करीत नाहींत. कराडचें घर, आईची ओढाताण, शिक्षणासाठीं करावी लागलेली धडपड हें सारें ते सरळ सांगतात आणि पुढें जातात. हा संयम या पुस्तकाचा पहिला गुण होय.

दुसरा गुण याहून मोलाचा आहे. लेखकाच्या मनाचा निश्चय कसा झाला याबरोबरच तो होण्यापूर्वीं तें कसें डळमळत होतें, हेंहि येथें वाचावयास मिळतें. थोरले बंधु गणपतराव यांचा ओढा सत्यशोधक विचारांकडे. सातारा जिल्ह्यांतील बहुजनसमाजाच्या शिकूं लागलेल्या मुलांना तोच मार्ग जवळचा वाटावा, अशी तेव्हांची परिस्थिति. अशा घरांतला मुलगा, १९२९ सालीं जतींद्रनाथ दास यांनीं लाहोरच्या तुरुंगांत उपोषण करून प्राण सोडला, त्या वार्तेनें व्याकुळ होतो आणि काँग्रेसच्या चळवळीकडे वळतो. १९३२ सालीं त्याला अठरा महिन्यांची शिक्षा होते. तुरुंगांत वाचन होतें, वाद होतात, समाजवादाची ओळख पटते. पुढें मानवेंद्रनाथ रॉय यांचे विचार त्याला भुरळ घालतात. परंतु महायुद्धास पाठिंबा देण्याची रॉय यांची भूमिका त्याला पटत नाहीं, आणि १९४२ सालीं तो भूमिगत होतो. त्याच वर्षीं जून महिन्यांत त्याचें लग्न झालेलें. लग्नानंतरची पहिली संक्रांत वेणूताईंना अटकेंत काढावी लागली, हा भाग वाचतांना मन गलबलून जातें. आणि तें लेखकानें आवाज चढविला म्हणून नव्हे, चढविला नाहीं म्हणून.

येथवर आम्हीं स्तुति केली. आतां उणें सांगणेंहि आमचें कर्तव्य आहे. या पुस्तकांत भेटणारा जवळजवळ प्रत्येक माणूस लेखकाला कांहीं तरी देऊन जातो. गुरु देतात, मित्र देतात, मतभेद झालेले सहकारीहि देतात. हा मोठेपणा खरा. परंतु इतिहासाला थोडी कठोरताहि लागते. कोणाचें काय चुकलें, आणि त्या चुकीची किंमत कोणीं मोजली, हे प्रश्न येथें मऊ होतात. ज्या गृहस्थांचें पुढील राजकारण ‘बेरजेचें राजकारण’ म्हणून ओळखलें गेलें, त्यांनीं आत्मचरित्रांतहि वजाबाकी टाळली, असें आम्हांस म्हणावेसें वाटतें.

याहून मोठें उणें म्हणजे पुस्तकाचा शेवट. १९४६ सालीं चव्हाण मुंबईच्या विधानसभेवर निवडून आले. संसदीय चिटणिसाचें पद स्वीकारावें कीं नाहीं, ही घालमेल होऊन ते कराडाहून मुंबईस निघतात, आणि पुस्तक संपतें. महाराष्ट्राला ज्यांविषयीं त्यांची साक्ष हवी होती तीं वर्षें यानंतरचीं आहेत. १९५५ च्या अखेरीस, संयुक्त महाराष्ट्र आणि पंडित नेहरू यांत निवड करावी लागली तर आपण नेहरूंच्या बाजूस राहूं, अशा आशयाची भूमिका त्यांनीं फलटण येथें घेतली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजीं प्रतापगडावर नेहरूंच्या हस्तें शिवछत्रपतींच्या पुतळ्याचें अनावरण झालें, तेव्हां वाटेवर संयुक्त महाराष्ट्र समितीचीं निदर्शनें झालीं. आणि १ मे १९६० रोजीं त्याच चव्हाणांच्या मुख्यमंत्रिपदाखालीं महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आलें. या पांच वर्षांत त्यांच्या मनावर काय बेतलें? ‘सह्याद्रीचे वारे’ या भाषणसंग्रहांत आणि ‘ऋणानुबंध’ या लेखसंग्रहांत त्यांचे विचार आढळतात. परंतु भाषण सभेपुढें होतें, आत्मचरित्र स्वतःपुढें व्हावयाचें असतें.

तथापि बारकाईनें पाहणाऱ्यास ‘कृष्णाकाठ’मध्येंच या प्रश्नाच्या उत्तराची दिशा सांपडते, असें आम्हांस वाटतें. सत्यशोधक चळवळ कीं काँग्रेस, रॉय कीं बेचाळीसचा लढा, अशा प्रत्येक प्रसंगीं चव्हाणांनीं धारदार विचाराचें ऋण मान्य केलें. पाऊल मात्र मोठ्या प्रवाहांत टाकलें. फलटणची भूमिका ही याच स्वभावाची पुढची पायरी होय. ती ज्यांना जिव्हारीं लागली त्यांचा राग अन्यायाचा नव्हता. गोळीबारांत माणसें गेलेल्या घरांना प्रवाहाचें तत्त्वज्ञान ऐकवितां येत नाहीं. उलट, बाहेरचें आंदोलन आणि आंतील मनधरणी या दोहोंपैकीं एकानेंच महाराष्ट्र मिळाला असता, असेंहि आम्ही म्हणूं शकत नाहीं. हा निवाडा करण्यासाठीं आंतल्या माणसाची साक्ष हवी होती, आणि तीच राहून गेली.

जीवनकथेचे पुढील भाग लिहिण्याचा लेखकाचा मानस होता. परंतु १९८३ सालीं वेणूताई गेल्या, आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजीं चव्हाणांचेंहि निधन झालें. अपुऱ्या पुस्तकाबद्दल त्यांस दोष देणें निष्ठुरपणाचें होईल. परंतु जे आज सत्तेंत आहेत त्यांनीं यांतून एवढा बोध घ्यावा कीं, जनतेस हिशेब देण्याचें काम निवृत्तीवर टाकूं नये. ज्या घरांतून मुलें राजकारणाविषयीं केवळ तुच्छतेनें बोलावयास शिकतात, त्या घरांत हें पुस्तक अवश्य असावें. आणि तें वाचून झाल्यावर वडील माणसांनीं राहिलेलीं वर्षें आपल्या आठवणींतून मुलांस सांगावींत, एवढी शिफारस करून आम्ही हें परीक्षण पुरें करितों.