नीरेचा नकार

उत्रोलीला आत्याकडे मुक्काम असला की रात्रीची जेवणं उरकल्यावर लॅपटॉपवर एखादा जुना सिनेमा लागतोच. या खेपेला 'कुंकू' लावला. नायिकेचं नाव नीरा, हे कळल्यावर आत्या खुलली. "म्हणजे आपल्या नदीचंच नाव की रे!" भोरची नीरा तिच्या रोजच्या बोलण्यातली. मग ती पाय पसरून, भिंतीला टेकून बसली ती शेवटपर्यंत उठली नाही.

'कुंकू' १९३७चा. प्रभात फिल्म कंपनीचा, व्ही. शांतारामांनी दिग्दर्शित केलेला, ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. नातेवाईक पैसे घेऊन तरण्या नीराचं लग्न वयस्क विधुर वकिलाशी, काकासाहेबांशी, लावून देतात, तेही फसवून. लग्न लागलं ते लागलं, पण मी बायको व्हायला तयार नाही, असं नीरा सांगते आणि त्याच घरात राहून तो नकार रोज पाळते. कथा एवढीच. जरठकुमारी विवाहावर त्याआधी नाटकं-कादंबऱ्या कमी झाल्या नव्हत्या. 'संगीत शारदा' तर १८९९चं. पण शारदेची कीव यावी अशी तिची घडण होती. नीराची कीव येत नाही, तिचा धाक वाटतो. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीनं झोडपते तेव्हा आत्या पुटपुटली, "खमकी आहे हो पोरगी."

खरी मजा कानांची आहे. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. संगीतकार केशवराव भोळे, म्हणजे काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. तरीही प्रसंग दुःखाचा आहे हे सांगायला सारंगी येत नाही. घरात जे वाजतं तेच ऐकू येतं. जुन्या घड्याळाची टिकटिक, ग्रामोफोन, दारावरच्या भिकाऱ्याचं गाणं. बाहेरून कुणी तुमच्या डोळ्यांत पाणी आणत नाही, त्यामुळे काकासाहेबांच्या दिवाणखान्यातली शांतता आपल्याच छातीवर बसते. घड्याळाची टिकटिक एकदा कानात भरली की वाटतं, या घरात दोन वयं एका छपराखाली मोजली जातायत. केशवराव दाते काकासाहेबांना खलनायक करत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. चूक कळत जाणारा, पण ती निस्तरायची कशी हे न उमगणारा माणूस ते हळूहळू उलगडतात. शांता आपटे मात्र हळूहळू काही करत नाहीत. लॉंगफेलोची कविता इंग्रजीत गातानाही त्यांची मान ताठ असते.

शांतारामांना सगळे प्रकार हाताळणारा दिग्दर्शक म्हणतात. 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूच्या डोळ्याचा तो अक्राळविक्राळ क्लोजअप, 'धर्मात्मा'त संत एकनाथ, 'अमर ज्योती'त चाचेगिरी करणारी बाई, 'कुंकू'त चार भिंती. हॉलिवुडमध्ये त्याच सुमारास वॉर्नर ब्रदर्सकडे मायकेल कर्टिझ असाच एका स्टुडिओच्या छपराखाली 'रॉबिन हूड'पासून 'मिल्ड्रेड पिअर्स'पर्यंत काय वाट्टेल ते करत होता. प्रभातचं पुण्यातलं आवारही तसंच. पगारी नटनट्या, स्वतःचे सेट, फत्तेलालांची कलादृष्टी, दामल्यांचा ध्वनी. १९३३ साली कोल्हापुरातून उठून आलेली ही मंडळी एकाच सेटवर मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्या काढत. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

कर्टिझ आठवायचं आणखी एक कारण आहे. 'कासाब्लांका'च्या शेवटी विमानात कुणी बसायचं हे इल्सा ठरवत नाही, रिक ठरवतो. किती उदात्त, किती सुंदर, आणि बाईच्या हातून निर्णय सुटला तो सुटलाच. 'कुंकू'ची गाठ मला तिथेच खटकते. काकासाहेब नीराला मोकळं करायला आपला जीव देतात. दीड-दोन तास जिने नकार लावून धरला, तिची सुटका शेवटी नवऱ्याच्या त्यागातून होते. प्रेक्षक डोळे पुसतात ते काकासाहेबांसाठी. म्हणजे लढली ती आणि शेवटी मोठा झाला तो. आत्यालाही ते पटलं नसावं. "तो मेला म्हणून सुटली. नसता मेला तर?" एवढंच म्हणून ती अंथरूण घालायला गेली.

या प्रश्नाचं उत्तर शांतारामांनी दोन वर्षांनी दिलं असं मी धरून चालतो. ते त्यांनी मुद्दाम दिलं की नाही, हा भाग वेगळा. १९३९च्या 'माणूस'मध्ये शाहू मोडकांचा पोलीस गणपत आणि शांता हुबळीकरांची मैना. तीच बाई, समाजाच्या कडेची, पण मांडणी साफ निराळी. 'कुंकू'तला कोंडलेला दिवाणखाना जाऊन रस्ता आला, टिंगल आली. वाटेत दिसलेल्या सिनेमाच्या शूटिंगमधल्या गुळगुळीत प्रेमिकांची दोघं अशी नक्कल करतात की ती बघताना बॉम्बे टॉकीज आठवल्याशिवाय राहत नाही. आणि शेवट? आपल्या मामाचा खून करून मैना तुरुंगात जाते. गणपत तिला सोडवायला येतो. सोडवून घ्यायला ती नकार देते.

दुसऱ्या दिवशी रात्री 'माणूस' लावला. तुरुंगाच्या प्रसंगाशी आत्या सरळ होऊन बसली. गणपत दाराशी उभा, मैना आत. ती ठरवते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कुणी उपकार केल्याची खूण नाही. "हिनं बरं केलं," आत्या म्हणाली, आणि मला लॅपटॉप बंद करू दिला नाही.