जंगल ओलांडून अंगणात: चंद्रपूर-गडचिरोलीचा महोत्सवी सिनेमा

जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावात घडतो. त्यात वाघ नाही, नक्षलवादी नाही आणि आदिवासींच्या उद्धारासाठी आलेला समाजसेवकही नाही. या दोन जिल्ह्यांकडे सिनेमाने आजवर ज्या नजरेने पाहिले ती लक्षात घेतली, तर एवढी एक गोष्टही मोठी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला आणि तेथे त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत छत्रपाल निनावे यांचा ‘घात’ बर्लिनच्या पॅनोरमा विभागात होता. त्याच्या आदल्या वर्षी तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ आला होता. मराठी स्वतंत्र सिनेमाची चर्चा ‘फँड्री’, ‘कोर्ट’ आणि आता सनडान्समध्ये बाजी मारणारा ‘साबर बोंडं’ या मुक्कामांवरून फिरते. तिला पूर्वेकडे वळण्याचे कारण या तीन चित्रपटांनी दिले आहे.

त्याआधीचा हिशेब थोडक्यात संपतो. ‘चक्रव्यूह’पासून ‘बस्तर’पर्यंतच्या हिंदी नक्षलपटांना दंडकारण्य हवे असते ते गोळीबारासाठी; तेथे माणसे राहतात याची त्यांना गरज भासत नाही. ताडोब्याच्या वाघांवरचे माहितीपट देखणे असतात, पण ब्रह्मपुरीच्या वनपट्ट्यात सरपणाला किंवा मोहफुलाला गेलेल्या बाईचा जीव त्याच वाघामुळे जातो, हे त्यांच्या चौकटीबाहेर राहते. समृद्धी पोरे यांचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे: द रिअल हिरो’ (२०१४) मनापासून केलेला आहे. हेमलकशाचे काम १९७३ पासूनचे आहे आणि त्याबद्दल आदर बाळगावा तेवढा थोडाच. तरीही त्या चित्रपटातला माडिया माणूस कायम रुग्ण किंवा कृतज्ञ याचक असतो, एकदाही स्वतःच्या कथेचा कर्ता होत नाही. अमित मसुरकर यांचा ‘न्यूटन’ (२०१७) छत्तीसगडचा. पण दंडकारण्य राज्यांच्या सीमा पाळत नाही, म्हणून त्याचा उल्लेख येथे हवा. त्यातली गोंडी बोलणारी शिक्षिका मालको मतदान अधिकाऱ्याला जंगलातल्या लोकशाहीबद्दल काही शिकवते, हा त्या चित्रपटाचा खरा विशेष आहे.

‘घात’ या परंपरेच्या शेवटच्या टोकाला उभा आहे. पोलीस, माओवादी आणि दोघांच्या मध्ये सापडलेला गावकरी यांच्यातील संशयाचे जाळे निनावे संयमाने विणतात. जितेंद्र जोशी आणि मिलिंद शिंदे यांचे काम दमदार आहे आणि जंगल सजावटीसारखे वापरलेले नाही. दोन बंदुकांमध्ये अडकलेल्या माणसाची गोष्ट यापेक्षा अधिक कसबाने सांगता येईल असे वाटत नाही. नेमकी येथेच त्या प्रकाराची सीमा कळते. बंदूक असेपर्यंत कथा बंदुकीचीच राहते. माणूस त्या दिवशी काय जेवला, धानाचे चुकारे मिळाले का, तेंदूपत्त्याचा भाव काय लागला, मुलीचे लग्न कशामुळे अडले, हे प्रश्न मागेच राहतात.

‘स्थळ’ नेमका त्या मागे राहिलेल्या प्रश्नांपासून सुरू होतो. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता पदवीचे शिक्षण घेते आहे, स्पर्धा परीक्षा देऊन नोकरी मिळवण्याचे तिच्या मनात आहे, आणि घरात तिच्यासाठी स्थळे पाहिली जात आहेत. पाहुणे येतात, पाय धुतात, मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन येते, बसते, आणि प्रश्न सुरू होतात: नाव, शिक्षण, उंची, छंद. पाहुणे निघून जातात. काही दिवसांनी दुसरे येतात. तोच क्रम, तेच प्रश्न, तीच उत्तरे. प्रत्येक वेळी पाहणारे पुरुष वेगळे असतात आणि त्यांच्यात काडीचाही फरक नसतो.

या पुनरावृत्तीला काही समीक्षकांनी संथपणा म्हटले. ती या चित्रपटाची रचना आहे, तिच्यावाचून तो उभाच राहत नाही. पहिल्या कार्यक्रमाच्या वेळी प्रेक्षकाला गंमत वाटते, दुसऱ्या वेळी अवघडल्यासारखे होते, आणि पुढच्या खेपेला खुर्च्या मांडल्या जाताना दिसल्या की पोटात गोळा येतो. संवादातून एक अक्षरही न सांगता दिग्दर्शकाने प्रेक्षकाला सवितेच्या जागी नेऊन बसवलेले असते. चित्रपटाच्या सुरुवातीला सविता स्वप्न पाहते. त्यात बायका मुलाला पाहायला आल्या आहेत आणि हेच प्रश्न त्याला विचारत आहेत. हे स्वप्न जाहिरातीसारखे चटपटीत होऊ शकले असते. सोमलकर ते त्याच अंगणात, त्याच साधेपणाने घडवतात आणि पुढच्या साऱ्या प्रसंगांचे माप आधीच प्रेक्षकाच्या हाती देतात. महाविद्यालयात समाजशास्त्राच्या तासाला स्त्री-सक्षमीकरण शिकायचे आणि घरी येऊन रंग-उंचीच्या परीक्षेला बसायचे, हा विरोध कुणीही बोलून दाखवत नाही. कापसाचा पडलेला भाव आणि लग्नाचा खर्च यांचे गणितही असेच, घरातल्या माणसांच्या गप्प बसण्यातून उलगडते. बाप खलनायक नाही. तो मुलीवर माया करतो आणि तरीही तिला पुन्हा पुन्हा त्या बैठकीत बसवतो. मराठी सिनेमात इतका खरा बाप बऱ्याच काळात दिसला नव्हता.

सविता साकारणारी नंदिनी चिकटे आणि तिच्यासोबतचे बहुतेक कलावंत याच भागातले आहेत आणि पडद्यावर नवखे आहेत. ‘फँड्री’ने सोमनाथ अवघडेला उभे केले, ‘कोर्ट’ने नागपूरच्या वीरा साथीदारांना. ‘स्थळ’ त्यापुढे जातो, कारण येथे जवळजवळ सगळे गावच पडद्यावर आहे. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) हा विदर्भाच्या शेतीवरचा उत्तम चित्रपट, पण त्यात कसलेल्या शहरी नटांनी बोली अंगीकारलेली होती. ‘स्थळ’मध्ये ती कमावलेली नाही. व्यावसायिक मराठी सिनेमाला विदर्भाची बोली हवी असते ती हशा पिकवण्यापुरती, आणि वऱ्हाडीचा एकच ठसा तो अकोल्यापासून सिरोंच्यापर्यंत मारतो. राजुरा-वरोऱ्याकडचे बोलणे वेगळे आणि वैनगंगेच्या काठची झाडीबोली वेगळी. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला आणि साहित्याला आयुष्य दिले. पटकथाकारांनी त्यातले थोडे तरी वाचायला हवे. रडण्याचे, भांडण्याचे, लाजण्याचे काम या बोली पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. पडद्यावर तेवढे काम त्यांना मिळालेच पाहिजे.

झाडीबोलीचा मुलूख पडद्यावर आणण्यात ‘झॉलीवूड’चे महत्त्व आहे. झाडीपट्टीच्या दोन नाटक कंपन्यांची चुरस हा त्याचा विषय. पटकथा मध्यंतरानंतर सैल पडते, पण रंगमंचामागची धावपळ, रंगवलेले चेहरे, रात्रीचा प्रवास यांची दृश्ये ज्याने ते जगणे जवळून पाहिले आहे त्यालाच सुचतील अशी आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या, कंपन्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया जिल्ह्यांत गावोगावी फिरतात. मंडई (गावची जत्रा) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने मंडप पडतो, रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत नाटक चालते. लोक तिकीट काढून, घोंगडी-चादर घेऊन येतात. या रंगभूमीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्या-मुंबईच्या नाट्यवर्तुळाला तोपर्यंत या रंगभूमीची दखल घ्यावीशी वाटली नव्हती.

आता प्रश्न महोत्सवांचा. ‘घात’ बर्लिनला २०२३ च्या फेब्रुवारीत दिसला आणि चित्रपटगृहात आला २७ सप्टेंबर २०२४ ला. ‘स्थळ’ टोरांटोला २०२३ मध्ये, आणि चित्रपटगृहात ७ मार्च २०२५ ला. दोन्ही वेळा सुमारे दीड वर्ष वाट पाहावी लागली, आणि त्यानंतरही प्रदर्शन मोठ्या शहरांतल्या मोजक्या पडद्यांभोवतीच फिरते. महोत्सव म्हणजे पुणे, मुंबई, पणजी, फार तर नागपूर. चंद्रपूरहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर. सिरोंच्याहून तर गडचिरोली हे जिल्ह्याचे गावच २०० किलोमीटरच्या आसपास. ज्यांच्या घराचे अंगण टोरांटोच्या पडद्यावर दिसले, त्यांनी स्वतःला पाहण्यासाठी कुठे जायचे? चित्रपट ज्यांच्याविषयी आहे त्यांना तो दाखवण्याची जबाबदारी कुणाचीच नाही, ही व्यवस्था लाजिरवाणी आहे. राज्य शासन मराठी चित्रपट कान्सच्या बाजारात पाठवते, त्याला हरकत नाही. पण जो पैसा कान्सपर्यंत जातो तो वडशापर्यंत जाऊ नये, याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही.

या लोकांना असा सिनेमा कळणार नाही, हे उत्तर नेहमी दिले जाते. ते खोटे आहे. थंडीच्या रात्री पहाटेपर्यंत नाटक पाहणाऱ्या माणसाला पावणेदोन तासांचा ‘स्थळ’ जड जाईल असे म्हणणाऱ्याने ती थंडी अनुभवलेली नाही. सवितेला विचारलेला प्रत्येक प्रश्न त्या मंडपातल्या प्रत्येक बाईला पाठ आहे. महोत्सवाच्या गारेगार सभागृहातल्या प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागतो, तिला नाही.

आणखी एक गोष्ट राहतेच, आणि ती सर्वांत मोठी आहे. ‘स्थळ’ आणि ‘झॉलीवूड’ या मराठी बोलणाऱ्या गावांच्या कथा आहेत. भामरागड, एटापल्ली, अहेरीकडचा माडिया आणि गोंड समाज अजून दुसऱ्याच्याच पटकथेत बोलतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूवरचा ताबा प्रत्यक्ष वापरून दाखवला. हे ग्रामसभेचे नाट्य कोणत्याही न्यायालयपटाच्या तोडीचे आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली; त्यामागच्या बायकांच्या लढ्याला अजून पडदा मिळालेला नाही. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र, त्याभोवतीच्या कोळसा खाणी, सुरजागडच्या लोहखनिजाने बदललेले रस्ते आणि गावे, या साऱ्यांतून किती कथा उभ्या राहतात. बाहेरच्या दिग्दर्शकाने येऊन त्यांचा आणखी एक शोकपट करावा याची गरज नाही. उषाकिरण आत्राम यांच्यासारख्या कवयित्रीने गोंडी आणि मराठी दोन्हींत लिहून दाखवले की ही भाषा आधुनिक जगणे पेलते. कॅमेरा आता त्या भाषेच्या मुलामुलींच्या हाती गेला पाहिजे.

अनुदानाच्या योजना आखणाऱ्या शासनाने आणि निवड समित्यांवर बसणाऱ्यांनी यासाठी दोन साध्या गोष्टी कराव्यात. गोंडी-माडियात चित्रपट करू पाहणाऱ्यांसाठी गडचिरोलीत कायमचे प्रशिक्षण आणि निधीची सोय करावी. आणि पुण्या-मुंबईच्या महोत्सवांनी आपला एक विभाग झाडीपट्टीच्या हंगामात वडशाला आणावा, नाटक कंपन्यांच्याच मंडपात, तिकीट लावून. पहिला चित्रपट ‘स्थळ’ दाखवावा.